हलका हात

"मॅडम, दिनानाथकाका गेले," फोनवर संतोष म्हात्रे म्हणाला. "आता माझ्या आईचा नंबर."

औषध निरीक्षक किर्ती देवळेकरने चहात बुडवलेलं बिस्कीट तुटून आत पडलं. संतोष गेले कित्येक दिवस तिला फोन करत होता. बदलापूरच्या 'उल्हासतीर' डायलिसिस केंद्रात माणसं पांढरी पडून मरतायत, एवढंच त्याचं म्हणणं. किर्तीने ते ऐकून घेतलं होतं आणि सरकारी माणूस करतो तेच केलं होतं. 'बघते' म्हणाली होती.

आधी सोनिवलीचा रिक्षावाला राजू गेला. आता शाळेतून निवृत्त झालेले दिनानाथ मास्तर. तिसरी संतोषची आई, बदलापूर गावातली राजाबाई.

"किडनीचे पेशंट जातात, संतोष."

"किडनीने नाही गेले ते. अंगात रक्तच उरलं नव्हतं. तुम्ही येताय का नाही, तेवढं सांगा."

किर्ती निघाली. चहा तसाच राहिला.

त्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी आणि दुरुस्तीच्या नावाखाली बत्ती गुल. केंद्राच्या मागे जनरेटर धडधडत होता. किर्तीच्या डोक्यात पहिला संशय तिथेच आला. डायलिसिसच्या पेशंटना देतात ती रक्तवाढीची इंजेक्शनं फ्रिजमधली. फ्रिज बंद पडला तर औषध नासतं.

पण फ्रिज बंद पडत नव्हता. त्याला स्वतंत्र बॅटरी होती, काचेवर तापमानाचा आकडा दिसत होता आणि तो अगदी असायला हवा तसा होता. दाखवणारे डॉक्टर अभिजीत कारखानीसही असायला हवे तसेच होते. इस्त्रीचा शर्ट, थकलेले डोळे, आवाजात मार्दव. स्टेशनच्या पूर्वेला हे केंद्र त्यांनी एकट्याने उभं केलं होतं. इथे येणाऱ्या निम्म्या लोकांच्या देवघरात त्यांचा फोटो असेल, असं गावात गमतीने म्हणायचे.

"तीन पेशंट, तिघांची एकच तक्रार. तुम्हाला विचित्र नाही वाटलं?" किर्तीने विचारलं.

"वाटलं. म्हणून तर तपासण्या केल्या."

"मला साध्या भाषेत सांगा."

"किडनी फक्त लघवी करत नाही, मॅडम. 'रक्त बनव' हा निरोप हाडातल्या मगजाला तीच धाडते. किडनी गेली की निरोप बंद. मग तोच निरोप आम्ही इंजेक्शनने देतो."

"आणि इंजेक्शनच बिघडलेलं असलं तर?"

"तर क्वचित शरीर त्या औषधाला शत्रू समजतं. त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. औषध आणि शरीराचा स्वतःचा निरोप दिसायला सारखेच. अँटिबॉडी दोघांनाही सोडत नाही. निरोप पोचतच नाही, रक्त बनणं ठप्प होतं."

"तिघांना तेच झालं असेल."

"मलाही तीच भीती होती." डॉक्टरांनी फ्रिजचं दार हळूच लावलं. "मुंबईच्या हॉस्पिटलनेही तेच सुचवलं. दिवाळीनंतर तिघांच्या रक्ताचे नमुने अंबरनाथच्या लॅबला पाठवले. राजूचा तर तो गेला त्याच आठवड्यात घेतला होता. तिन्ही निगेटिव्ह. अँटिबॉडी नाहीत. म्हणजे दोष औषधाचा नाही. काही कोडी सुटत नाहीत, मॅडम."

ते इतक्या दुःखाने म्हणाले की किर्तीने चौकशी तिथेच थांबवली.

ती वॉर्डात गेली. खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीला एक मशीन, मशीनच्या नळ्यांतून फिरणारं रक्त. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पाणी मोजून प्या'. या लोकांना पाण्याची चैन नसते, प्यायलेलं शरीरातच साठतं. खिडकीत रुंद तोंडाचा एक स्टीलचा थर्मास होता आणि त्यात प्लास्टिकची लाल फुलं खोचलेली होती.

शेवटच्या खुर्चीत राजाबाई होती. कोरड पडू नये म्हणून तोंडात लिंबाची फोड धरलेली. हिरव्या लुगड्यातून बाहेर आलेला हात भिंतीच्या चुन्याइतका पांढरा होता. शेजारी सिस्टर काशी तिच्या पायांवर चादर घालत होती. काशी चाळिशीची, अंगाने ठसठशीत, एका जागी न टिकणारी.

"बस गो बाय," राजाबाई किर्तीला म्हणाली. "संतोष बोलला, तू येनार. मना काय झालंय ते शोदायला आलीस ना?"

"हो मावशी. तुम्हाला सुया कोण देतं?"

"ही काय, काशी. काय सांगू तुना, हिचा हात असा हलका व्हता, सुई कदी टोचली न कदी काडली, कलाचंच नाय. राजू बिचारा बोलायचा, काशी नसंल तं मी सुईच घेनार नाय. मास्तरांचं पन तेच."

"होता म्हणजे? आता नाही?"

"गनपतीपासून हिचा पन हात जड झाला. आता टोचते मेली." राजाबाई हसली, तेवढ्यानेही तिला धाप लागली.

"म्हातारी झाले मी, मावशी," काशी लाजून म्हणाली.

"लॅबला पाठवायचं रक्त कोणी काढलं?"

"हिनंच. त्या दिवशी समदं उलटं. रोज आल्या आल्या रक्त काडतात, मंग मशीन, न सुई शेवटाला. त्या दिवशी आदी सुई, मंग रक्त. डाक्टर सोता येऊन उभा ऱ्हायला. सकालच्या पारी कदी दिसत नाय तो. मी बोलली, आज सूर्य कुटं उगवला?"

काशी हसली. किर्तीही हसली. मग तिने सहज खिडकीकडे बोट दाखवलं. "फुलदाणी छान आहे."

"थर्मास आहे तो. आता लागत नाही, पडून होता, म्हणून फुलं ठेवली," काशी म्हणाली आणि पुढच्या खुर्चीकडे गेली.

दुपारच्या पाळीचे पेशंट बाकड्यावर येऊन बसले होते. त्यातला नरेंद्र नावाचा एक धट्टाकट्टा माणूस मोबाइलवर क्रिकेट बघत होता. त्याचा चेहरा तांबूस होता.

"तुम्हालाही रक्ताची सुई देतात?"

"देतात ना. आई शप्पथ, काय झोंबते! मिरची भरल्यासारखी. अपुन तो सीधा चिल्लाता है."

"काशी सिस्टर देतात?"

"ती सकाळची. दुपारी दुसरी असते. आपलं नशीबच झोंबरं, मॅडम."

"रक्त किती आहे?"

"एकदम झकास. डॉक्टर साहेब देवमाणूस आहेत."

बाहेर संतोष उभा होता. अंबरनाथच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारा, नखांत काळं ऑइल अडकलेला, आईसारख्याच रुंद कपाळाचा. त्याने किर्तीला काय चाललंय ते विचारलं नाही. त्याने तिला आपला सौदा सांगितला.

"मॅडम, मी आईला किडनी देतोय. उन्हाळ्यात सगळ्या टेस्ट झाल्या. मुंबईवाले बोलले, परफेक्ट जुळतंय, आईचं रक्त तुझ्या पेशींना काही करत नाही. तारीखच घ्यायची होती. तेवढ्यात तिचं रक्त उतरायला लागलं. कारखानीस सर बोलले, आधी रक्त वर येऊ दे. ते आलंच नाही. गणपती झाले तेव्हापासून नुसत्या रक्ताच्या बाटल्या चढवतायत, या माणसाची, त्या माणसाची."

"आणि मुंबईवाले?"

"ते बोलतात, रक्त का बनत नाही ते कळल्याशिवाय टेबलावर घेणार नाही. म्हणून तुमच्या मागे लागलो. मला कोणाला शिक्षा-बिक्षा नाय पायजे. मला फक्त कारण पायजे. कारण मिळालं की ऑपरेशन."

"मिळेल," किर्ती म्हणाली. असं म्हणू नये हे तिला नोकरीच्या पहिल्या वर्षीच शिकवलं होतं.

औषध येत होतं उल्हासनगरहून. कॅम्प तीनमधला घाऊक विक्रेता हरेश तलरेजा. शुक्रवारी बाजार बंद, सगळी शटर खाली, पण किर्तीचा फोन गेल्यावर हरेश अर्धं शटर वर करून दारातच उभा राहिला. किर्तीने मनातल्या मनात त्याला आधीच दोषी धरलं होतं. उल्हासनगरचा माल म्हटला की लोक उगाच भुवया उंचावतात, त्यात ती आली.

"आज बत्ती नाही. तुझा कोल्ड रूम कशावर चालतो?"

"इन्व्हर्टरवर, साईं. वर जनरेटर. हात लावून बघा ना."

तिने हात लावला. गार होतं.

"बदलापूरला माल कसा जातो?"

"बर्फाच्या पेटीत. पेटीत तापमानाचं मशीन. डिलिव्हरीला तिकडची सिस्टर स्वतः चेक करते, तब सही करती है." हरेशने कपाळ पुसलं. "मॅडम, माझा माल खराब असता तर फक्त तीन लोक पांढरे झाले असते? कल्याणला तोच माल, अंबरनाथला तोच माल. जाऊन बघा, सगळे टुणटुणीत. बदलापूरच्या दुपारच्या पाळीचे पेशंटसुद्धा."

ते खरं होतं. किर्तीच्या डोळ्यांपुढे नरेंद्रचा तांबूस चेहरा आला.

"बदलापूरहून कधी तक्रार आली?"

"तक्रार नाही. गणपतीच्या आधी कारखानीस साहेब स्वतः आले होते. एवढा मोठा माणूस माझ्या दुकानात! विचारत होते, बाटली गरम झाली तर औषधाचं काय होतं. मी म्हटलं, साहेब, आपल्याकडे बाटली गरम होतच नाही. तर म्हणाले, सहज विचारलं. चहा पण नाही घेतला."

किर्तीनेही चहा घेतला नाही. जीपमध्ये बसून तिने वहीत 'गणपतीच्या आधी' एवढंच लिहिलं.

शनिवारी ती अंबरनाथच्या लॅबमध्ये गेली. औषधांमुळे शरीरात अँटिबॉडी तयार होतात का, एवढंच तपासणारी ही छोटी लॅब. डॉक्टर जिज्ञासा तिथली प्रमुख, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत बसणारी बाई.

"रिपोर्ट चुकला असेल?"

"मशीन दोनदा चालवलं. तिन्ही निगेटिव्ह. पण खरं सांगू? मला आश्चर्य वाटलं होतं. हाडातल्या मगजाचा रिपोर्ट बघितला होता मी. बाकी सगळ्या पेशी जागेवर, फक्त लाल रक्त बनवणाऱ्या गायब. हे अँटिबॉडीचंच काम दिसतं."

"मग एक विचारते. वेडगळ वाटेल. रक्त सुईच्या आधी काढलं काय, नंतर काढलं काय, फरक पडतो?"

जिज्ञासाचा हात चष्म्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"आधीच काढतात. नमुन्यावर तसंच लिहून आलं होतं."

"नंतर काढलं असेल तर?"

"तर टेस्ट आंधळी होते." ती उठली. "असं बघा. आम्ही प्लेटवर ते औषध चिकटवून ठेवतो. रक्तात अँटिबॉडी असली तर ती येऊन त्याला पकडते, आणि आम्हाला कळतं. पण त्या रक्तात आधीच ताजं औषध फिरत असेल तर अँटिबॉडीचे हात तिथेच गुंततात. प्लेटला धरायला रिकामा हातच नाही. आम्ही म्हणतो, निगेटिव्ह."

"गुंतलेले हात सोडवता येतात?"

"ॲसिडने. नमुने थोडे उरलेत, फ्रीजरमध्ये आहेत. पण कोणी मुद्दाम असं कशाला करेल?"

"तुम्ही हात सोडवा," किर्ती म्हणाली. "कशाला ते मी बघते."

तिथूनच तिने मुंबईच्या हॉस्पिटलला फोन लावला. कारण सापडतंय, राजाबाईची आणि संतोषची जुळणी पुन्हा तपासून ठेवा, असं सांगितलं. त्याच संध्याकाळी मायलेक जाऊन रक्त देऊन आले. तपासणीला एखाद-दोन दिवस लागतील, असं मुंबईवाले म्हणाले.

सोमवारी सकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी सगळे वॉर्डात जमले. किर्तीला डॉक्टरांच्या केबिनमध्ये बोलायचं होतं. पण राजाबाई खुर्चीत बसली होती, ती म्हणाली, "माज्या अंगाचं बोलनार ना? मंग माज्यापुडं बोला." म्हणून तिच्यापुढे. संतोष तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. जिज्ञासा दाराशी. नरेंद्रची आज पाळी बदलली होती, तो बाकड्यावरून मान उंचावून बघत होता. बाहेर पोलिसांची गाडी होती, ती कोणी अजून पाहिली नव्हती.

"हरेशचा माल चांगला," किर्तीने सुरुवात केली. "तुमचा फ्रिज चांगला. तोच फ्रिज, तीच औषधं, पण दुपारची माणसं ठणठणीत. म्हणजे जे बिघडलं ते फ्रिज आणि सुई यांच्या मधल्या वाटेत, सकाळच्या पाळीत. त्या वाटेवर एकच हात आहे. काशीचा."

काशीने मागे वळून पाहिलं, जणू दुसरी कोणी काशी असावी.

"ही सुई झोंबते. ते औषधच तसं. थंडगार टोचलं तर आणखी झोंबतं. नरेंद्रसारखा माणूस ओरडतो. पण राजू, मास्तर आणि मावशींना कळायचीही नाही. सगळे म्हणायचे, काशीचा हात हलका. मी हाताबिताला मानत नाही. सुई झोंबत नसेल तर औषध गरम असणार. काशी, ज्या खोलीत पाणी मोजून पितात तिथे एवढा मोठा थर्मास कशाला होता?"

"बाटल्यांसाठी," काशी लगेच म्हणाली. लपवण्यासारखं तिच्या मनात काही नव्हतं. "मास्तर किती कळवळायचे! फ्रिजमधलं बर्फासारखं औषध म्हाताऱ्या माणसाच्या अंगात कसं सोडायचं? बाळाला तेल लावताना आपण कोमट करतोच ना, तसं. चहावाल्याकडून उकळतं पाणी आणायचे. सकाळी आल्या आल्या बाटल्या त्यात सोडून द्यायच्या. सुई द्यायची वेळ यायची शेवटी, तोवर छान—"

ती थांबली. समोरच्या चेहऱ्यांवर काहीतरी होतं.

"तोवर छान शिजायच्या," जिज्ञासा हळूच म्हणाली. "शिजलं की औषधाच्या गाठी होतात. शरीर त्याच गाठींना शत्रू समजतं."

"सगळ्यांचं करायचीस?" किर्तीने विचारलं.

"जे रडायचे त्यांचंच." काशी मागे सरून भिंतीला टेकली. "तिघांचंच."

संतोष काशीकडे बघत होता. त्याला राग येत नव्हता, आणि त्याचंच त्याला नवल वाटत असावं.

"ही चूक," किर्ती म्हणाली. "गुन्हा याच्यापुढे आहे. गणपतीपासून काशीचा हात जड झाला. हात असा एका दिवसात जड होत नाही. कोणीतरी थर्मास बंद करायला लावला. कोणी गं?"

"सरांनी. म्हणाले, वॉर्डात गरम पाणी नको, कोणी भाजेल."

"एवढंच कारण सांगितलं?"

"एवढंच."

किर्ती डॉक्टरांकडे वळली. "गणपतीच्या आधी तुम्ही हरेशला विचारलंत, बाटली गरम झाली तर काय होतं. म्हणजे थर्मास तुम्ही पाहिला होतात, तिघांचं रक्त का उतरतंय ते तेव्हाच ओळखलं होतंत. मग मुंबईने अँटिबॉडीची तपासणी मागितली. ती टाळता येत नव्हती. म्हणून ज्या पाळीला तुम्ही कधी फिरकत नाही त्या सकाळी येऊन उभे राहिलात. आधी सुई द्यायला लावलीत, मग रक्त काढायला. नमुन्यावर मात्र लिहिलंत, सुईच्या आधी. टेस्ट आंधळी करण्याची युक्ती आम्हा सामान्यांना सुचत नाही. काल रात्री जिज्ञासाबाईंचा फोन आला. तिन्ही नमुने पॉझिटिव्ह आहेत."

डॉक्टर कारखानीस एका रिकाम्या खुर्चीत बसले. पेशंटच्या खुर्चीत बसलेले ते कोणालाच आठवत नव्हते.

"मला वाटलं, थर्मास बंद केला की हळूहळू सुधारतील," ते म्हणाले.

"सुधारत नाहीत म्हटल्यावर सुया तरी थांबवायच्या. त्याच सुया अँटिबॉडीला खुराक देत होत्या."

"थांबवल्या असत्या तर कारण सांगावं लागलं असतं. काशीचं आयुष्य संपलं असतं."

"काशीचं नाव घेऊ नका. तिला तुम्ही खरं सांगितलंसुद्धा नाहीत."

"बरं. केंद्र बंद झालं असतं." त्यांनी मान वर केली. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातलं मार्दव गेलं होतं. "या सगळ्या खुर्च्या मोजा, मॅडम. उल्हासनगरला जागा नाही, कल्याणला नाही. दोन दिवस मशीन मिळालं नाही तर ही माणसं जातील. तिघांसाठी मी सगळ्यांना मारायचं होतं का? तुम्ही माझ्या जागी असतात तर?"

किर्तीकडे उत्तर होतं. तिघांना वेळेवर सांगितलं असतं तर कदाचित कोणीच मेलं नसतं, औषध थांबवून उपचार झाले असते, चौकशी होऊनही केंद्र उभं राहिलं असतं. पण ते 'कदाचित' होतं, आणि तिच्या पिशवीत केंद्राला लावायचं सील होतं.

"सर," संतोष म्हणाला. त्याने खिशातून मोबाइल काढला. "मुंबईचा मेसेज सकाळीच आलाय. मला नीट कळला नाही म्हणून कोणाला दाखवला नाय. उन्हाळ्यात आमचं परफेक्ट जुळत होतं. आता लिहिलंय, पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं ना?"

डॉक्टरांनी मोबाइलकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. शेवटी जिज्ञासा पुढे आली.

"नाही, संतोष. पॉझिटिव्ह म्हणजे आईचं रक्त आता तुझ्या पेशींना मारतंय."

"असं कसं? मी तिचा पोरगा आहे."

"इतक्या परक्या माणसांचं रक्त तिला चढलं की तिचं शरीर परक्याला ओळखायला शिकलं. तुझ्यात अर्धं तुझ्या वडिलांचं आहे. ते त्याने परकं ठरवलं."

"म्हणजे माझी किडनी..."

"दिली तर लगेच जळेल."

"गणपतीला दिली असती तर?"

"तेव्हा जुळली असती," जिज्ञासा म्हणाली. गणपतीपर्यंत राजाबाईला बाहेरचं रक्त चढलंच नव्हतं. सगळ्या बाटल्या त्यानंतरच्या. संतोषने कारण मागितलं होतं, किर्तीने ते आणून दिलं होतं, आणि आता त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

पोलीस आत आले. डॉक्टर निमूट उठले. दारात त्यांनी सवयीने वळून सगळ्या मशिनांवरून नजर फिरवली आणि गेले. काशीला काय करायचं ते पोलिसांनी किर्तीला विचारलं. जबाब घ्या, एवढंच ती म्हणाली. काशीला पुरेल अशी शिक्षा कुठल्या कलमात नव्हती आणि माफीही नव्हती.

"मॅडम," नरेंद्रने बाकड्यावरून विचारलं, "मग परवा मी कुठे येऊ?"

किर्तीने आजची पाळी पुरी होईपर्यंत सील लावायचं नाही, असं ठरवलं होतं. एवढंच तिच्या हातात होतं. परवाचं तिला माहीत नव्हतं.

दुसरी सिस्टर राजाबाईच्या खुर्चीपाशी आली. मशीनला जोडायच्या दोन जाड सुया तिने ट्रेमध्ये मांडल्या. राजाबाईने हात आखडून घेतला.

"तू नको. काशीला बोलव."

"आई," संतोष म्हणाला.

"तू गप रे. काशे, ये अशी इकडं."

काशी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. तिने नुसती नकाराची मान हलवली. राजाबाईने पुन्हा हाक मारली नाही, हात पुढे करून ठेवला. तो पांढरा हात तसाच अधांतरी राहिला, थरथरायला लागला, तेव्हा काशीला उठावंच लागलं. तिने सुई उचलली. शीर चुकली. पुन्हा टोचली, पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा सुई आत गेली तेव्हा राजाबाईच्या दातांखाली लिंबाची फोड पिळवटली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"दुखलं ना मावशी?" काशीने विचारलं. तिला वर बघवत नव्हतं.

"नाय गो," राजाबाई म्हणाली. "कललं पन नाय. हलकाच हाय तुजा हात."